डॉ. घाटगे आणि न दिसणारा थर



आपल्या जळगावकरांना बर्फ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी आणि दुसरी म्हणजे मे महिन्यात कधीमधी पडणारी गार. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बर्फ ही आपल्याला देवाची देणगी वाटते. त्यामुळे खान्देशच्या आकाशात बर्फामुळे विमानाचं इंजिन बंद पडता पडता वाचलं असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण त्या हसण्यापायीच मला एका मोठ्या माणसाची ओळख झाली. ती तुम्हालाही व्हावी म्हणून हा लेख.

धुळ्याला माझी मावशी राहते. तिचा मोठा मुलगा, म्हणजे आमचा दादा, वैमानिक होण्यासाठी आपल्याच भागातल्या एका धावपट्टीवर शिकत होता. खान्देशात छोटी विमानं आता कुणाला नवी राहिलेली नाहीत. जळगावला विमानतळ आहे, धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरला आहे. शेतात निंदणी करणाऱ्या बायासुद्धा डोक्यावरून घरघर गेली की मान वर करत नाहीत.

राखीपौर्णिमेला मी एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. जेवणं झाल्यावर दादाने मला गच्चीवर बोलावलं आणि मावशीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या आठवड्यातला प्रसंग सांगितला.

सकाळची वेळ, नुकताच पाऊस थांबलेला, आभाळ भरलेलं. तापमान सव्वीसच्या आसपास. दोन आसनांचं सेस्ना, शेजारी प्रशिक्षक. खाली यायचं म्हणून दादाने इंजिनाची शक्ती कमी केली. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की फेऱ्यांचा काटा हळूहळू आणखी खाली सरकतोय. आवाज नाही, धक्का नाही, लाल दिवा नाही. शक्ती वाढवायला गेला तर इंजिन उचल घेईना. प्रशिक्षकांनी एक दट्ट्या ओढायला सांगितलं. त्याने ओढला, तर इंजिन जास्तच खोकायला लागलं, सगळं विमान थरथरलं. दादा घाबरला आणि त्याने दट्ट्या परत आत ढकलला. प्रशिक्षकांनी त्याच्या हातावर हात ठेवून तो पुन्हा बाहेर ओढला आणि तसाच धरून ठेवला. अर्ध्या मिनिटाने इंजिन मोकळं झालं. खाली उतरल्यावर त्यांनी सांगितलं की कार्ब्युरेटरमध्ये बर्फ झाला होता.

मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. कार्ब्युरेटरचं चित्र परीक्षेत दोनदा काढलेलं. तरी सव्वीस डिग्रीला बर्फ कुठून येणार, म्हणून मला हसू आलं. दादा मात्र हसला नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या वर्गात फ्लुइड मेकॅनिक्सचा बाउंडरी लेयरचा धडा सुरू होता. ही कल्पना मांडणाऱ्या प्रांटल यांचं नाव फळ्यावर लिहिताना सरांनी जाता जाता सांगितलं की यांच्या हाताखाली आपला एक मराठी माणूस शिकून आला आणि त्याने भारतात विमानं बनवली. तास संपला, मुलं पांगली. मी मात्र ते नाव वहीच्या कडेला लिहून ठेवलं होतं: डॉ. विष्णु माधव घाटगे.

मग लायब्ररी धुंडाळली, जुने अंक चाळले, सरांना छळलं. जे हाती आलं ते असं.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पाच वर्षंही झालेली नव्हती. ते तरुण झाले तेव्हा आपल्या देशात विमान बनवायचा कारखाना तर नव्हताच, पण विमानशास्त्र शिकवणारा स्वतंत्र विभागही नव्हता. ज्याला हे शिकायचं त्याला समुद्र ओलांडणं भाग होतं. बहुतेक जण इंग्लंडला जात. घाटगे गेले जर्मनीला, गॉटिंगेनला, लुडविग प्रांटल यांच्याकडे.

प्रांटल हे त्या काळी वायुगतिकीचं विद्यापीठच होते म्हणा ना. १९०४ मध्ये त्यांनी एक छोटासा निबंध वाचला आणि त्यातून हे सारं शास्त्र बदलून गेलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. हवा पंखावरून वाहते तेव्हा पंखाला अगदी चिकटून असलेली हवा जवळजवळ थांबलेली असते. तिच्यावरची थोडी वेगात, त्यावरची आणखी वेगात. काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर जाडीच्या या थरात सगळा खेळ चालतो. गिरणेला पाणी असताना काठावर उभं राहून पाहा. काठाशी पाणी रेंगाळतं आणि मधोमध ओढ असते. तसंच. हा थर पंखाला चिकटून राहिला तर विमान वर राहतं. तो पंखापासून सुटला की पंखाची उचल जाते. हाच तो बाउंडरी लेयर. डोळ्यांना दिसत नाही, पण विमानाचं सगळं वजन त्याच्या भरवशावर असतं.

या गुरूंच्या हाताखाली काम करून घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. ते दिवस जर्मनीत हिटलरच्या राजवटीचे. अशा वातावरणात एक मराठी तरुण हवेच्या पातळ थराचं गणित मांडत बसला होता, हे डोळ्यांसमोर आणून बघा. डॉक्टरेट घेऊन ते भारतात परतले. पण ज्या विषयात ते पारंगत झाले होते त्या विषयाचं इथे काहीच नव्हतं.

ते आणलं सोलापूरच्या एका माणसाने. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजच्या एचएएलचं हे मूळ. महायुद्ध पेटलेलं होतं. १९४१ मध्ये कारखान्यातून पहिलं विमान बाहेर पडलं, पण ते अमेरिकन बनावटीचं, इथे जुळवलेलं. पुढच्याच वर्षी सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि तिथे मुख्यतः युद्धातल्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली.

डॉ. घाटगे या कारखान्यात होते. नुसती दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करून देश विमान बनवायला शिकत नाही. युद्धाच्या धामधुमीत त्यांनी दहा माणसं नेणाऱ्या एका ग्लायडरचा आराखडा केला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. बंगळूरच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ मध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याची सुरुवातीची धुरा घाटगे यांच्याकडे होती. म्हणजे एकाच वेळी कारखानाही आणि वर्गही. आपल्याकडे हे दोन्ही सांभाळणारी माणसं विरळाच.

स्वातंत्र्य आलं. नव्या हवाई दलाला वैमानिक हवे होते आणि त्यांना शिकवायला विमान हवं होतं. डॉ. घाटगे यांच्या चमूने एचटी-२ हे दोन आसनांचं प्रशिक्षण विमान आखलं. एकापुढे एक दोन आसनं, दीडशेच्या थोडं वर अश्वशक्तीचं सिरस इंजिन. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेलं. भारतात आखलेलं आणि भारतात बनवलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. पुढे दीडशेहून अधिक एचटी-२ तयार झाली. हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी उड्डाणाची धुळपाटी त्याच्यावर गिरवली. आफ्रिकेतल्या घाना देशाच्या हवाई दलानेही ती घेतली.

त्यानंतर सप्टेंबर १९५८ मध्ये उडालं पुष्पक. नाव रामायणातलं, पण विमान अगदी साधं. पंख वरच्या बाजूला, अंगावर कापडाचं आवरण, शेजारी शेजारी दोन आसनं आणि नव्वद अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. हे फ्लाइंग क्लबांसाठी होतं. सामान्य घरातल्या मुलामुलींना उडायला शिकता यावं म्हणून देशभरच्या क्लबांत ही विमानं गेली. त्याच्या पाठोपाठ लष्कराच्या टेहळणीसाठी कृषक आलं. सप्टेंबर १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान उडालं, तेही घाटगे यांच्याच चमूचं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते गेले.

आता एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. त्यांची नावाजलेली विमानं पाहा. एचटी-२ शिकाऊ वैमानिकाचं, पुष्पक शिकाऊ वैमानिकाचं, किरण शिकाऊ वैमानिकाचं. त्याच काळात बंगळूरला जर्मनीहून आलेल्या कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली मरुत हे लढाऊ विमान तयार होत होतं, ते १९६१ मध्ये उडालं. वर्तमानपत्रांत साहजिकच लढाऊ विमानाची छायाचित्रं मोठी. पण प्रांटलचा हा शिष्य नवख्यांसाठी विमानं करत राहिला. नवखा माणूस चुकणारच, मग त्याची चूक पोटात घालेल असं विमान करणं हे काही कमी अवघड काम नाही.

आणि इथेच दादाचा प्रसंग मला पुन्हा आठवला. डॉ. घाटगे हे काही बर्फाचे संशोधक नव्हते. पण त्यांच्या आयुष्याची दोन टोकं, एकीकडे तो हवेचा पातळ थर आणि दुसरीकडे पुष्पकसारखं साधं इंजिन, ही दोन्ही टोकं बर्फ कशी तोडतो ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी पंखाचं. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं की लगेच गोठतं असा आपला समज असतो. तसं होत नाही. ढगातले बारीक थेंब उणे दहा, उणे पंधरा अंशालाही पाणीच राहू शकतात. त्यांना फक्त कशावर तरी आपटायचं असतं. विमान त्यांच्यातून गेलं की ते पंखाच्या पुढच्या कडेवर आपटतात आणि तिथल्या तिथे गोठतात. मग पंख खडबडीत होतो. जाड सँडपेपरइतका खडबडीत थर पंखावर बसला तरी उचल तीस टक्क्यांपर्यंत घटते आणि अवरोध चाळीस टक्क्यांपर्यंत वाढतो. बर्फाच्या वजनाने विमान पडतं असं आपल्याला वाटतं. खरं कारण वजन नाही, तर प्रांटलचा तो नाजूक थर विस्कटतो आणि पंखापासून लवकर सुटतो, हे आहे. जो वेग काल सुरक्षित होता तो आज पुरत नाही, आणि ते सांगायला काही वाजत नाही. वेगमापकाच्या नळीचं तोंड बर्फाने बुजलं तर काटाही खोटं बोलतो.

मोठ्या जेट विमानात इंजिनाची गरम हवा पंखात फिरवतात. मध्यम विमानांच्या पंखाच्या कडेला रबरी पट्टे असतात, ते फुगवून बर्फ फोडतात. तरी निसर्ग वरचढ ठरू शकतो. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-७२ विमान पडलं आणि ६८ जण गेले. रबरी पट्ट्यांच्या मागे, जिथे ते पोचत नव्हते तिथे, बर्फाची कड तयार झाली होती. मग आपल्या शिकाऊ विमानाचं काय? बहुतेकांत ना गरम हवा, ना रबरी पट्टे. त्यात पंखाची कड जितकी बारीक तितका बर्फ तिच्यावर लवकर धरतो आणि इंजिनाकडे राखीव ताकद नसते. म्हणून छोट्या विमानाला त्यावर एकच उपाय, तिकडे जायचंच नाही. खान्देशात पावसाळ्यात शून्य अंश गाठायला जमिनीपासून पाचेक किलोमीटर वर जावं लागतं. शिकाऊ विमान तिथे जात नाही. म्हणजे आपण सुटलो?

नाही. कारण दुसरा बर्फ इंजिनाच्या पोटात होतो आणि त्याला थंडी लागत नाही.

वर्गात शिकलेलं आठवा. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिचा दाब कमी होतो, ती गार होते. त्याच जागी पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफ आजूबाजूची उष्णता ओढून घेते. पंपावर हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं, तेच. दोन्ही मिळून तिथलं तापमान वीस, तीस अंशांनीही उतरू शकतं. बाहेर सव्वीस असेल तर आत शून्याखाली. जळगावच्या कोरड्या मे महिन्यात हवेत ओलावाच नसतो, म्हणून भीती कमी. पण श्रावणातली ओलसर हवा आत आली की बाष्प गळ्यात आणि झडपेवर गोठायला लागतं. खाली उतरताना झडप अर्धवट मिटलेली असते, तेव्हा तर फटच बारीक. बर्फ ती बुजवत जातो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. पुष्पकमधल्यासारख्या छोट्या काँटिनेंटल इंजिनात कार्ब्युरेटर गरम तेलाच्या टाकीपासून दूर लटकलेला असतो, त्यामुळे तिथे हा धोका जास्तच.

यावर तो दट्ट्या. तो ओढला की बाहेरच्या हवेऐवजी एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते आणि बर्फ वितळतो. पण वितळलेलं पाणी जाणार कुठे? इंजिनातूनच. त्यात गरम हवा विरळ, म्हणून ताकद आणखी थोडी कमी. परिणामी औषध घेतल्याबरोबर दुखणं वाढल्यासारखं वाटतं. इंजिन खोकतं, फेऱ्या पडतात. ज्याला आतलं कारण माहीत नाही तो घाबरून दट्ट्या परत ढकलतो आणि जीव वाचवणारं औषध अर्ध्यावर सोडतो. दादाने नेमकं तेच केलं होतं. दट्ट्या आहे हे त्याला पाठ होतं. तो ओढल्यावर आत काय होतं हे मात्र त्याने कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं.

हे सगळं समजल्यावर मी दादाला फोन केला. हसले त्याबद्दल आधी माफी मागितली. मग कार्ब्युरेटरचं चित्र काढून त्याला पाठवलं, गळा कुठे, झडप कुठे, बर्फ कुठे धरतो, पाणी कुठून जातं. परीक्षेत मी हे चित्र दोनदा काढलं होतं, पण ते कुणाच्या जिवाशी जोडलेलं आहे हे मला पहिल्यांदाच जाणवलं. तो म्हणाला की आता शक्ती कमी करायच्या आधीच तो दट्ट्या ओढतो, आणि खोकला आला तर मनात आकडे मोजत थांबतो.

मित्रांनो, डॉ. घाटगे यांच्याकडून मी हेच घेतलं. त्यांनी समीकरणांपासून सुरुवात केली आणि ती समीकरणं अठरा वीस वर्षांच्या पोरांच्या हाती विमान होऊन गेली. नवख्याला सांभाळून घेईल असं यंत्र बनवणं हे आपल्यासारख्या इंजिनिअरचं काम. पण कितीही चांगलं यंत्र असलं तरी जे वापरणाऱ्याला ठाऊकच नाही त्यातून ते त्याला वाचवू शकत नाही. म्हणून ते समजावून सांगणं हेही आपलंच काम. त्यांनी कारखाना आणि वर्ग दोन्ही का सांभाळले असतील याचं उत्तर मला तरी इथे सापडलं.

आपल्यापैकी कुणी पंप बनवेल, कुणी ट्रॅक्टर, कुणी केळीच्या वेफर्सचं यंत्र. त्यात कुठेतरी एक न दिसणारा थर असेलच. धडा मार्कांपुरता वाचताना एवढं लक्षात ठेवू या.

दादाला लायसन्स मिळालं. मावशीने गल्लीभर पेढे वाटले. श्रावणातली ती सकाळ तिला अजून माहीत नाही. तेव्हा एक विनंती, हा अंक वाचून झाला की कृपा करून धुळ्याला पाठवू नका.